विचारा की! – कुलाब्याला खरंच रेल्वे स्टेशन होतं का?

मागच्या अंकात चर्चगेटबद्दल लिहिता लिहिता एक वाक्य सहज टाकलं होतं, की चर्चगेट हे काही मुळात शेवटचं स्टेशन नव्हतं, गाडी पुढे कुलाब्यापर्यंत जायची. बस, तेवढ्या एका वाक्यावर महिनाभर प्रश्न येतायत. काही ईमेलवर, काही व्हॉट्सॲपवर, एक तर चक्क पोस्टकार्डावर (अजून मिळतं बरं का). तेव्हा या वेळचं सदर अख्खं कुलाब्याला देऊन टाकतो. ज्यांनी इराण्याच्या ब्रून पावाबद्दल विचारलंय त्यांनी पुढच्या अंकापर्यंत जरा दम धरा.

प्रश्न: काका, आमचे आजोबा सांगायचे की त्यांचे वडील कुलाब्याहून गाडीत बसून वांद्र्याला यायचे. आम्ही हसायचो आणि म्हणायचो की ट्राम असेल हो ती. आता तुमचं वाक्य वाचून जरा अपराधी वाटतंय. नक्की काय ते सांगा. – एक वाचक, वांद्रे

आजोबा सोळा आणे खरं बोलत होते. ट्रामही होती म्हणा कुलाब्याला, १८७४ मध्ये मुंबईत घोड्याची ट्राम सुरू झाली तेव्हा कुलाबा ते पायधुणी हा पहिल्या दोन मार्गांपैकी एक होता, पण ट्रामने कोणी वांद्र्याला गेलेलं नाही. ती गाडी म्हणजे गाडीच, रुळांवरची, बीबीसीआयची. बॉम्बे बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे, म्हणजे आजच्या वेस्टर्नची आजी.

थोडं मागे जाऊ. १८५३ ला बोरीबंदर-ठाणे गाडी सुटली ती जीआयपीची, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची, ते सगळ्यांना पाठ असतं, शाळेत घोकून घेतलेलं असतं. बीबीसीआय मात्र उलट्या बाजूने आली, गुजरातेतून. आधी सुरत-बडोदा, अंकलेश्वर वगैरे भागात रूळ टाकले आणि मग खाली सरकत सरकत १८६४ च्या नोव्हेंबरात ग्रँट रोडला पोचली. ग्रँट रोड तेव्हा गावाबाहेर, तिथून कोटात, म्हणजे फोर्टात यायचं तर घोडागाडी करा नाहीतर पायपीट करा. म्हणून गाडी आणखी खाली आणली. १२ एप्रिल १८६७ ला विरार ते बॅकबे अशी दिवसाला एक जाणारी आणि एक येणारी गाडी सुरू झाली, आपल्या विरार लोकलची ही मूळ पुरुष. १८७० मध्ये चर्चगेट आलं आणि १८७३ मध्ये कुलाबा. पुढे १८९६ च्या एप्रिलमध्ये कुलाब्याला नवीन, ऐसपैस टर्मिनस बांधून वापरात आलं. आणि ३१ डिसेंबर १९३० च्या मध्यरात्री ते बंद झालं. म्हणजे सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षं लोक कुलाब्याचं तिकीट काढत होते. तुमच्या पणजोबांच्या तरुणपणात बरोब्बर बसतं.

प्रश्न: पण कुलाबा म्हणजे मुंबईचं शेपूट. तिथे रेल्वे नेऊन काय मिळणार होतं? ऑफिसं तर सगळी फोर्टात. – एक वाचिका, ठाणे

प्रश्न चोख आहे. उत्तर एका शब्दात देता येतं. कापूस.

मुंबईचा कापूसबाजार आधी कोटात होता, सेंट थॉमस चर्चच्या समोरच्या मोकळ्या जागेत, ज्याला कॉटन ग्रीन म्हणायचे. तिथे गाठींचे ढीग, बैलगाड्या, दलालांची आरडाओरड, धूळ, आगीची भीती, सगळं भर वस्तीत. मग १८४४ च्या सुमाराला तो बाजार कुलाब्याला हलवला. हलवता आला कारण १८३८ मध्ये कुलाब्याचा कॉजवे झाला होता. त्याच्या आधी कुलाबा हे बेटच, तेही एक नाही दोन, आणि ओहोटीची वाट बघून चालत जायचं नाहीतर होडी. भरती लागली म्हणून पलीकडे अडकलेले लोक हे तेव्हा नेहमीचंच. कॉजवे झाला, कापूस आला, वखारी आल्या.

आता गंमत अशी की हा कापूस यायचा कुठून, तर बराचसा भडोच, सुरत, म्हणजे नेमका बीबीसीआयच्या मुलखातून. आणि बीबीसीआयची गाडी थांबायची ग्रँट रोडला. गाठी उतरवा, बैलगाडीत घाला, अख्खं शहर ओलांडून कुलाब्याला न्या. कुठल्याही व्यापाऱ्याचं डोकं फिरेल. रूळ थेट वखारीच्या दारात नेणं हाच त्यातला शहाणपणा, आणि मग मागून ससून डॉकही त्याच भागात १८७५ ला झालं. माणसांची सोय नंतरची हो. आपण आज लोकल म्हटलं की माणसंच डोळ्यासमोर आणतो, त्या काळच्या कंपन्या आधी माल बघायच्या.

प्रश्न: रुळांना जागा कुठून मिळाली? तो भाग तर समुद्र होता ना तेव्हा? – एक वाचक, डोंबिवली

हा प्रश्न वाचून मी खुर्चीत सरसावून बसलो कारण माझ्या मते कुलाबा स्टेशनची सगळी गोष्ट इथेच आहे. या स्टेशनला जन्माला घातलं एका भरावाने आणि खाल्लं दुसऱ्या भरावाने. मधली वर्षं म्हणजे दोन भरावांमधली उसंत.

१८६१ ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत पैशाचा अक्षरशः पूर. पैसा फार झाला की माणसाला काय सुचेल सांगता येत नाही. तेव्हा इथल्या लोकांना समुद्र सुचला. बॅकबे रेक्लमेशन कंपनी काढली, मलबार हिलच्या टोकापासून कुलाब्याच्या टोकापर्यंतचा सगळा पश्चिम किनारा बुजवून जमीन करायची आणि विकायची. शेअर पाच हजाराचा, तो पन्नास हजाराच्या घरात गेला. प्रेमचंद रायचंद हा या सगळ्या खेळातला मोठा खेळाडू. आणि मग १८६५ ला अमेरिकेतलं युद्ध संपलं, कापूस कोसळला, १ जुलै १८६५ ला वायद्यांचे पैसे चुकते करायचा दिवस उजाडला आणि अर्धी मुंबई दिवाळखोर. बॅकबे कंपनी बुडाली. ज्यांनी त्या शेअरवर घरदार लावलं होतं त्यांचे हाल विचारू नका.

कंपनी बुडाली पण तोवर थोडं काम झालेलं होतं. किनाऱ्याला लागून एक चिंचोळी पट्टी भरून तयार होती. ती सरकारकडे आली, आणि सरकारने ती बीबीसीआयला दिली. चर्चगेटच्या पुढे कुलाब्यापर्यंत रूळ गेले ते त्या पट्टीवरून. म्हणजे एका फसलेल्या स्वप्नाच्या काठावरून साठ वर्षं गाड्या धावल्या असं म्हणा हवं तर.

आणि काय प्रवास असेल तो, विचार करा. चर्चगेट सोडलं की उजव्या खिडकीत थेट समुद्र, मध्ये काही नाही, मरीन ड्राइव्ह नाही, नरीमन पॉइंट नाही, मंत्रालय नाही. पावसाळ्यात खारे शिंतोडे डब्यात येत असणार. डाव्या खिडकीत ओव्हल मैदान आणि त्याच्या पलीकडे ओळीने हायकोर्ट, युनिव्हर्सिटीचा राजाबाई टॉवर, सेक्रेटरिएट. तो राजाबाई टॉवर बांधायला पैसे दिले प्रेमचंद रायचंदनेच, आईच्या नावाने. म्हणजे एका बाजूला ज्या माणसाने उधळलेल्या पैशाचा टॉवर आणि खाली त्याच माणसाच्या बुडालेल्या धंद्याची जमीन, आणि मधून लोकल. मुंबईत असली योगायोगाची दृश्यं फार.

प्रश्न: मग बंद का केलं? चांगलं चालणारं स्टेशन कोण बंद करतं? – बोरिवली, पुणे आणि नाशिकहून तीन वाचकांचा साधारण हाच प्रश्न

दुसरा भराव, सांगितलं ना.

पहिलं महायुद्ध संपता संपता मुंबईत जागेची पुन्हा बोंब सुरू झाली. गव्हर्नर होते सर जॉर्ज लॉइड, हे मोठ्या उत्साहाचे गृहस्थ. १९२० मध्ये त्यांनी बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं, म्हणजे बीडीडी. हो, तेच, वरळी-नायगावच्या बीडीडी चाळी ज्यांनी बांधल्या तेच खातं. चाळी हा त्यांच्या कामाचा एक भाग, दुसरा भाग म्हणजे बॅकबेचा समुद्र बुजवणं, साठ वर्षांपूर्वी अर्धवट राहिलेलं काम पुन्हा. ठरवलं होतं अकराशेहून जास्त एकर जमीन काढायची. प्रत्यक्षात निघाली सुमारे ४४० एकर, त्यातलाही बराचसा हिस्सा लष्कराकडे गेला. बंदरातला गाळ उपसायचा, पाइपातून बॅकबेत सोडायचा, आणि तो तिथल्या भिंतीच्या फटींमधून निवांत परत समुद्रात. खर्च वाढत गेला, लोक या योजनेला लॉइड्स फॉली, म्हणजे लॉइडचा वेडेपणा म्हणायला लागले.

याच प्रकरणात खुर्शेद फ्रामजी नरीमन नावाचे तरुण पारशी वकील कायदे कौन्सिलात आणि बाहेर तुटून पडले. सरकारी इंजिनियर हार्वे यांनी त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला, तो हार्वे-नरीमन खटला मुंबईत खूप गाजला आणि १९२८ मध्ये नरीमन निर्दोष सुटले. पुढे ते मुंबईचे महापौर झाले. ज्या भरावाच्या भानगडीविरुद्ध हा माणूस भांडला त्याच समुद्रात आणखी भराव घालून केलेल्या जागेला नंतर त्याचंच नाव दिलं, नरीमन पॉइंट. यावर मी काही बोलत नाही, तुम्हीच काय ते समजा.

बरं, रेल्वेचं काय? आतापर्यंत रूळ समुद्राच्या काठाला होते, त्यांच्या पश्चिमेला कोणी राहत नव्हतं, त्यामुळे अडचणही नव्हती. आता पश्चिमेला नवी जमीन होणार, रस्ते होणार, इमारती होणार, आणि शहर आणि ही नवी महागडी जमीन यांच्या मधोमध जमिनीच्याच पातळीवर आडवी रेल्वे लाइन, दर थोड्या वेळाने गाडी, फाटकं, धूर. कोण घेणार तिथे प्लॉट? त्यामुळे सरकारला रूळ नको झाले. रेल्वेचं बघितलं तर तिचीही गरज बदलली होती. कापूसबाजार कुलाब्याहून शिवडीला चालला होता, पोर्ट ट्रस्टची स्वतःची रेल्वे १९१५ पासून त्या बाजूला होतीच, आणि हार्बर लाइनवरचं कॉटन ग्रीन हे स्टेशन त्या हलवाहलवीची खूण म्हणून आजही आहे. ज्या कापसासाठी कुलाब्याला गेलो तोच गेला. शिवाय लांब पल्ल्याच्या गाड्यांना यार्ड लागतं, डबे धुवायला जागा लागते, ती या चिंचोळ्या टोकाला वाढवणार कुठे.

मग ठरलं की मेल गाड्यांसाठी नवीन टर्मिनस बांधायचं. बेलासिस रोड नावाचं लोकल स्टेशन होतं तिथे. क्लॉड बॅटली यांचं डिझाइन, बांधकाम शापूरजी पालनजींचं, एकवीस महिन्यांत इमारत उभी. १८ डिसेंबर १९३० ला गव्हर्नर सर फ्रेडरिक साइक्स यांनी बॉम्बे सेंट्रलचं उद्घाटन केलं. मेल गाड्या तिकडे गेल्या, आणि तेरा दिवसांनी, वर्षाच्या शेवटच्या रात्री, कुलाब्याच्या लोकलही बंद. १ जानेवारी १९३१ पासून चर्चगेट शेवटचं स्टेशन, ते आजतागायत.

त्या वेळी कुणी रडलं वगैरे का असं एका वाचकाने विचारलंय. अहो, डिसेंबर १९३० होता तो. सविनय कायदेभंग ऐन भरात, १२ डिसेंबरला काळबादेवीत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा झालेला बाबू गेनू मारला गेला होता. त्या महिन्यात मुंबईला रडायला मोठी कारणं होती.

प्रश्न: मी कुठेतरी वाचलं की या लाइनवर इलेक्ट्रिक गाडी सुद्धा आली होती. म्हणजे वायर टाकल्या आणि लगेच काढल्या? असं कोण करतं? – एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, कल्याण

तुम्ही रेल्वेत नोकरी करून हे विचारताय म्हणजे कमाल आहे, हाहा. हो, झालं तसंच. मुंबईत पहिली इलेक्ट्रिक गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला हार्बरने धावली, ती जीआयपीची. बीबीसीआयने ५ जानेवारी १९२८ ला कुलाबा ते बोरिवली लोकल विजेवर आणली. म्हणजे कुलाब्याला विजेची गाडी मिळाली ती पुरती तीन वर्षंसुद्धा नाही. खांब रोवले, वायर ओढली, आणि वायर मळायच्या आत गुंडाळली.

पण यात निव्वळ मूर्खपणा बघू नका. विजेची गाडी ही मुळात बोरिवलीपर्यंतच्या वाढत्या उपनगरांसाठी होती, कुलाब्याचा तुकडा त्यातला जेमतेम दोनेक किलोमीटरचा. आणि तो तोडेपर्यंत गाड्या तर चालवायच्याच होत्या, अर्ध्या वाटेत चर्चगेटला इंजिन बदलत बसणार का? आजही रस्ता डांबरी केला की आठ दिवसांत पाण्याच्या पाइपसाठी खणतात त्याला मात्र माझ्याकडे कसलंच समर्थन नाही.

प्रश्न: फ्रंटियर मेल कुलाब्याहून सुटायची हे खरं का? आमच्याकडे यावर पैज लागली आहे. – एक वाचक, इंदूर

खरं आहे, पण समोरच्याने बॅलार्ड पिअर म्हटलं असेल तर पैज बरोबरीत सोडवा. फ्रंटियर मेल १ सप्टेंबर १९२८ ला सुरू झाली, मुंबई ते पेशावर, बीबीसीआयची शान. तिचं मुंबईतलं टर्मिनस कुलाबा. मात्र विलायतेहून डाकेची बोट यायची त्या मोसमात साहेबलोकांना बोटीतून उतरून थेट डब्यात बसता यावं म्हणून ती बॅलार्ड पिअरच्या मोल स्टेशनवरून सोडायचे. हे मोल स्टेशनही आता नाही, तेही गेलं. कुलाबा बंद झाल्यावर फ्रंटियर बॉम्बे सेंट्रलला आली, फाळणीनंतर अमृतसरपर्यंतच उरली, आणि १९९६ मध्ये तिचं नाव गोल्डन टेंपल मेल झालं. जुने लोक अजून फ्रंटियरच म्हणतात आणि रिझर्व्हेशनच्या रांगेत मागच्यांना गोंधळात पाडतात.

प्रश्न: आज तिथे जाऊन काही बघायला मिळेल का? एखादा फलाट, एखादी भिंत? मुलांना घेऊन जायचा विचार आहे. – एक वाचिका, पनवेल

जा जरूर, पण स्टेशन बघायला जाताय असं मुलांना सांगू नका, नाहीतर ती तुम्हाला कायमची माफ करणार नाहीत. स्टेशनची इमारत उरलेली नाही. स्टेशन होतं त्या जागेवर आज बधवार पार्क आहे, रेल्वे अधिकाऱ्यांची कॉलनी, कफ परेडच्या बाजूला. रेल्वे बोर्डाचे पहिले भारतीय अध्यक्ष एफ. सी. बधवार, त्यांचं नाव. बघा, स्टेशन जाऊन पंचाण्णव वर्षं झाली पण एवढ्या मोक्याच्या जागी रेल्वेची कॉलनी का, याचं उत्तर तेच स्टेशन आहे. बातम्यांमध्ये हे नाव तुम्ही ऐकलं असेल, २६ नोव्हेंबर २००८ ला दहशतवादी रबरी होडीतून उतरले ते समोरच्याच मच्छीमार वस्तीच्या किनाऱ्याला. आत जायला परवानगी लागते, गेटवरच्या माणसाशी वाद घालू नका, फोटो काढू नका.

खरं बघायचं ते वाटेत आहे. चर्चगेटला उतरलात की आधी फलाटाच्या दक्षिण टोकाला उभं राहून बफर बघा. रूळ तिथे संपतात ते कसे संपतात ते बघा, समोर ना डोंगर ना समुद्र, साधा रस्ता. जिथे पुढे काहीच अडथळा नाही तिथे लाइन उगाच थांबलेली दिसली की समजायचं, कधीतरी कोणीतरी कापलीय. (२०१५ च्या जूनमध्ये एक लोकल त्या बफरवर चढून फलाटावर आली होती, आठवत असेल. ओळखीतला एक मोटरमन तेव्हा म्हणाला होता, गाडीला जुना रस्ता आठवला असेल.)

बाहेर पडून समोर वेस्टर्न रेल्वेचं हेडऑफिस, ती करड्या दगडाची, पांढऱ्या पट्ट्यांची, घुमटाची इमारत, एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सची, १८९९ ला पुरी झालेली. व्हीटी बांधणारा तोच हा स्टीव्हन्स. मान वर करून बघा, वरच्या टोकाला दगडी बाईची मूर्ती आहे, तिच्या हातात रेल्वेचं इंजिन आहे आणि सोबत चाक. मुलांना ती शोधायला लावा, पाच मिनिटं शांततेत जातील. ही इमारत उभी राहिली तेव्हा शेजारून कुलाब्याची गाडी जात होती.

मग वीर नरीमन रस्ता ओलांडून महर्षी कर्वे रोडने दक्षिणेला चालू लागा. डावीकडे ओव्हल, तेच जे कुलाबा लोकलच्या डाव्या खिडकीत दिसायचं, शक्यतो रविवारी सकाळी जा म्हणजे क्रिकेटच्या पंधरा मॅच एकमेकींत घुसलेल्या बघायला मिळतील. आणि उजवीकडे आर्ट डेकोच्या गोलसर बाल्कन्यांच्या इमारतींची ओळ. समुद्राच्या जागी या आल्या, १९३० च्या दशकात. २०१८ मध्ये युनेस्कोने ओव्हलच्या एका बाजूच्या गॉथिक आणि दुसऱ्या बाजूच्या आर्ट डेको इमारतींना मिळून जागतिक वारसा यादीत घेतलं, सगळीकडे त्याचं कौतुक झालं, आणि योग्यच झालं, पण मधली रेल्वे लाइन काढली नसती तर या दोन ओळी अशा मैदानाच्या आरपार एकमेकींकडे बघत उभ्याच राहिल्या नसत्या, हे कोणी म्हटलेलं माझ्या वाचनात आलं नाही. म्हणून इथे म्हणून टाकतो.

पुढे कूपरेज ओलांडा, वुडहाऊस रोडच्या पश्चिमेच्या अंगाने गेलात की बधवार पार्क. एकूण अंतर मुलांनासुद्धा झेपेल एवढंच आहे. परत येताना कॉजवेवर काय खायचं ते मी सांगत नाही, त्यावर घराघरांत भांडणं आहेत.

प्रश्न: आता मेट्रो तीन कफ परेडपर्यंत गेली. म्हणजे कुलाब्याला गाडी परत आली असं म्हणायचं का? – एक वाचक, अंधेरी

अर्धं म्हणा. मेट्रो तीनचं कागदावरचं नाव कुलाबा-वांद्रे-सीप्झ, ३३.५ किलोमीटर, आणि शेवटचा टप्पा ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाला. चर्चगेटनंतर विधान भवन आणि मग कफ परेड, बस. म्हणजे चर्चगेटच्या दक्षिणेला रुळावरची गाडी पंचाण्णव वर्षांनी पुन्हा गेली हे खरं, तुमच्या अंधेरीकरांना तर एका गाडीत, भुयारातून का होईना, थेट जाता येतं. पण हे कफ परेड स्टेशन आहे नव्या कफ परेडला, वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या बाजूला, आणि तो सगळा भाग स्वातंत्र्यानंतरच्या भरावाचा. तिसरा भराव. कुलाबा मार्केटला किंवा ससून डॉकला जायचं तर तिथून पुढे बस, शेअर टॅक्सी किंवा स्वतःचे पाय. मासे आणायला पहाटे ससून डॉकला जाणाऱ्या कोळणींना या मेट्रोचा काय उपयोग हा प्रश्न मी वेगळाच ठेवतो, कारण टोपल्या घेऊन मेट्रोत चढू देतात का हेच आधी बघायला हवं. जुनी कुलाबा लोकल निदान माल आणि माणूस दोन्ही ओळखत होती.

प्रश्न: वेस्टर्नवर अशी अजून कुठली स्टेशनं गेली? – एक वाचक, वसई

तुमच्या दारातलंच एक सांगतो. १८६७ च्या त्या पहिल्या विरार-बॅकबे गाडीच्या थांब्यांमध्ये पाणजू होतं. पाणजू बेट, नायगाव आणि भाईंदरच्या मध्ये, वसईच्या खाडीत. आज गाड्या बेटावरूनच जातात, दोन पुलांच्या मधून, पण थांबत नाहीत. बेटावरची माणसं होडीने ये-जा करतात आणि डोक्यावरून मिनिटामिनिटाला विरार फास्ट धडधडत जाते. कुलाब्याबद्दल हळहळणाऱ्यांनी पाणजूवाल्यांशी एकदा बोलून बघावं, कुलाब्याला निदान पर्याय खूप होते.

दुसरं पहाडी, म्हणजे आजच्या गोरेगावच्या बाजूचं. स्टेशनचं नाव गेलं पण जमिनीच्या कागदांवर पहाडी गोरेगाव अजून छापलेलं असतं, तिकडे फ्लॅट घेतलेल्यांनी ॲग्रीमेंट काढून बघा. तिसरं बेलासिस रोड, ते वर येऊन गेलंच, ते गेलं नाही म्हणा, मुंबई सेंट्रल लोकल म्हणून राहिलं. बॅकबे नावाचं स्टेशन मात्र साफ पुसलं गेलं.

एक विनंती. कोणाच्या घरात, जुन्या ट्रंकेत, पोथीत घालून ठेवलेलं वगैरे, 'कुलाबा' छापलेलं बीबीसीआयचं तिकीट किंवा सीझन पास असेल तर फोटो काढून पाठवा. मूळ वस्तू पोस्टाने पाठवू नका, मागच्या वेळी एकांनी आजोबांचं ट्रामचं तिकीट पाठवलं होतं आणि ते परत पोचेपर्यंत माझी झोप उडाली होती. फोटो चालेल, दोन्ही बाजूंचा. पुढच्या अंकात ब्रून पाव.